मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि त्यांचे अबोल सोबती

सीबीडी बेलापूर, नेरूळ, सीवूड्स या भागांत आज स्थिरावलेल्या अनेक व्यापारी कुटुंबांची मुळे मशीद बंदरच्या गल्ल्यांत आहेत. घाऊक बाजार वाशीला आला, त्यामागून पेढ्या आल्या आणि पेढ्यांमागून घरे आली. त्या वेळी तिशी-चाळिशीत असलेली पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे. या पिढीतील कोणा बापूजींविषयी घरात एक वाक्य हळूहळू रूढ होते : ‘त्यांचे आता वय झाले.’

या वाक्यामागचे चित्र पुष्कळ घरांत सारखेच असते. ज्यांनी पन्नास वर्षे तोंडी हिशेब केला, त्यांना आता दोन बिलांचा मेळ घालायला तास लागतो. चालताना पावले आखूड पडतात, पाय जमिनीला घासतो. सामायिक आटोपून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. लघवीची घाई होते. पूर्वी दहा जणांशी बोलणारा माणूस गप्प बसून राहतो, किंवा क्षुल्लक कारणाने चिडतो. विशेष हे की, त्यांना फारसे काही विसरायला झालेले नसते. तीस वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याचे नाव, त्याचा व्यवहार, त्याच्या मुलाचे लग्न, सारे स्मरणात असते. फक्त ते ओठांवर यायला वेळ लागतो.

मग एखाद्या दिवशी पाय घसरल्याचे निमित्त होते आणि मेंदूचा एमआरआय काढला जातो. अहवालात ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ असे शब्द असतात आणि त्यापुढे बहुधा ‘वयानुसार’ असा शेरा. तो वाचून कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. गाठ नाही, मोठा पक्षाघात नाही. मग चिंता कसली? अहवाल कपाटात जातो आणि पुढील दोन-चार वर्षे मोलाची असूनही तशीच निघून जातात.

या लेखाचा विषय त्या एका ओळीचा अर्थ हाच आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार हा केवळ नळ्या अरुंद होण्याचा प्रकार नाही. त्या नळ्यांना बिलगून राहणाऱ्या, मज्जापेशींची अहोरात्र देखभाल करणाऱ्या ग्लायल पेशींचाही तो विकार आहे. हे उमगले म्हणजे बापूजींच्या संथपणाचे कारण कळते आणि आपल्या हाती काय आहे हेही कळते.

मोठी जलवाहिनी आणि घरातला नळ

नवी मुंबईकरांना पाण्याचे उदाहरण चटकन पटेल. मोरबे धरणाचे पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून शहरात येते. तेथून रस्त्याखालच्या मध्यम नळांत, इमारतीच्या टाकीत आणि शेवटी स्वयंपाकघरातील अर्ध्या इंचाच्या नळात उतरते. मुख्य वाहिनी फुटली तर सारे शहर ओरडते, वर्तमानपत्रात बातमी येते. परंतु एखाद्या जुन्या इमारतीतील बारीक नळ गंजून आतून बुजत असतील, तर बातमी होत नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात धार बारीक होते, एवढेच.

मेंदूचेही तसेच आहे. मानेतील मोठी रक्तवाहिनी तुंबली की हात-पाय लुळे पडतात, वाचा जाते. तो झाला सर्वांना ठाऊक असलेला पक्षाघात. परंतु मोठ्या वाहिन्यांपासून निघून मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या शाखा फार बारीक असतात. त्यांपैकी बहुतेकींचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. त्यांच्यापुढच्या केशवाहिन्या तर इतक्या अरुंद की रक्तातील तांबडी पेशी त्यांतून जेमतेम एकेकटी सरकते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा जवळपास पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. ही सारी रसद अखेर या बारीक वाहिन्यांतूनच पोहोचायची असते.

मेंदूच्या खोल भागात ‘श्वेतद्रव्य’ असते. मेंदूचा एक भाग दुसऱ्या भागाशी ज्या तंतूंनी बोलतो, त्या तंतूंचे ते जाळे होय. तेथे पोहोचणाऱ्या धमन्या टोकाच्या असतात. एक बंद झाली तर शेजारची धावून येईल अशी सोय तेथे फारशी नाही. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि वाढते वय यांमुळे या धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात. काही ठिकाणी त्या पूर्ण बुजतात आणि डाळीच्या दाण्याएवढा भाग मृत होऊन खळगा राहतो. काही ठिकाणी त्या पाझरतात. अशा बारीक, खोल पक्षाघातांचा वाटा रक्तपुरवठा तुटल्याने होणाऱ्या एकंदर पक्षाघातांत सुमारे एक चतुर्थांश आहे. त्याहून कितीतरी अधिक इजा मात्र कोणतेही ठळक लक्षण न दाखवता होत राहते.

या विकाराची ओळख नवी नाही. स्विस वैद्य ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये श्वेतद्रव्याच्या अशा झिजेचे वर्णन केले. पुढे १९०१ मध्ये फ्रान्सच्या पिएर मारी यांनी मेंदूतील बारीक खळग्यांविषयी लिहिले. परंतु तेव्हा आणि पुढेही दीर्घकाळ सर्वांचे लक्ष नळीवरच होते. नळीभोवती कोण राहते, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला.

नळीभोवती कोण राहते?

मेंदू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मज्जापेशी येतात. विचार, स्मरण, हालचाल ही त्यांची कामे. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. जवळपास तितक्याच संख्येने दुसऱ्या पेशी तेथे असतात. त्या ग्लायल पेशी. जर्मन रोगनिदानतज्ज्ञ रुडॉल्फ विर्शो यांनी १८५६ मध्ये त्यांना जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘मज्जातंतूंचा डिंक’ असा होतो. मज्जापेशींना एकत्र चिकटवून ठेवणारे भरताड, अशीच त्यांची समजूत होती. पेढीवर मालकाचे नाव पाटीवर असते आणि दिवाणजीचे कोठेच नसते, तसा हा प्रकार झाला. पण दिवाणजी चार दिवस आला नाही, तर पेढीचे काय होते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

या पेशींचे मुख्यतः तीन प्रकार आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रकार अॅस्ट्रोसाइट, म्हणजे तारकेच्या आकाराच्या पेशी. त्यांच्या शाखा एका बाजूला मज्जापेशींच्या जोडांपर्यंत जातात. दुसऱ्या बाजूच्या शाखांची टोके पसरट पावलासारखी होऊन रक्तवाहिनीला वेढतात. मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांचा बहुतांश पृष्ठभाग अशा पावलांनी झाकलेला असतो. इटलीचे कामिल्लो गॉल्जी यांनी एकोणिसाव्या शतकातच ही पावले पाहिली होती. मेंदूचा कोणता भाग आता काम करतो आहे हे अॅस्ट्रोसाइटला कळते. तेथे अधिक रक्त पाठवावे असा संकेत वाहिनीला देण्यात तिचा वाटा असतो. पाणी व क्षार यांचा तोल ती राखते. रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत शिरू न देणारी भिंत सुदृढ ठेवण्यास मदत करते. या पावलांत पाणी वाहून नेणारी ‘अॅक्वापोरिन-४’ नावाची प्रथिनद्वारे दाटीने बसवलेली असतात.

दुसरा प्रकार ऑलिगोडेंड्रोसाइट. या पेशी मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन गुंडाळतात. विजेच्या तारेवर जसे आवरण, तसे हे आवरण. मात्र येथे त्यामुळे संदेशाचा वेग कैक पटींनी वाढतो. श्वेतद्रव्य पांढरे दिसते ते या मायलिनमुळेच. या पेशी तंतूला इंधनही पुरवतात. आवरण झिजले तर नव्या पेशी तयार व्हाव्यात म्हणून त्यांच्या अपरिपक्व पूर्वपेशी मेंदूत आयुष्यभर राखीव असतात.

तिसरा प्रकार मायक्रोग्लिया. स्पेनचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ ते १९२१ या काळात मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइट यांची स्वतंत्र ओळख पटवली. मायक्रोग्लिया मेंदूचे रक्षक आणि सफाई कामगार आहेत. मेलेल्या पेशींचे अवशेष उचलणे, जंतू आल्यास लढणे ही त्यांची कामे. परंतु सतत चेतवल्या गेल्या तर त्यांच्यातून बाहेर पडणारी द्रव्ये शेजारच्या निरोगी पेशींनाही बाधतात.

रक्तवाहिनी, तिच्या भिंतीतील पेशी, अॅस्ट्रोसाइटची पावले आणि मज्जापेशी मिळून एक कुटुंबच होते. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या अंगावर येते. हे नाते किती घट्ट आहे, याचा एक महत्त्वाचा पुरावा बेलापूरहून हार्बर लोकलने सव्वा-दीड तासात पोहोचता येईल अशा एका रुग्णालयात हाती लागला. त्याचा संबंध व्यापारी समाजाशीच होता.

मुंबईत गवसलेला धागा

मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी यांच्यासमोर काही बालरुग्ण आले होते. या मुलांच्या डोक्याचा घेर पहिल्या वर्षातच अवाजवी वाढला होता. मूल चालू लागे, पण डगमगत. पुढे हळूहळू पाय ताठरत, काहींना फिट येत. डोक्याला किरकोळ मार लागला तरी प्रकृती अचानक ढासळे. स्कॅनमध्ये संपूर्ण श्वेतद्रव्य सुजल्यासारखे दिसे. चित्र इतके गंभीर असे की हे मूल अंथरुणाला खिळलेले असेल असे पाहणाऱ्याला वाटावे. प्रत्यक्षात मात्र त्यांतील पुष्कळ मुले बोलत, हसत, शाळेत जात.

या मुलांची कुटुंबे पाहता एक समान गोष्ट लक्षात आली : त्यांतील बहुतेक अग्रवाल होती. डॉ. सिंघल यांनी १९९१ मध्ये याविषयी प्रथम लिहिले आणि १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. दरम्यान १९९५ मध्ये नेदरलँड्समधील डॉ. मार्यो व्हॅन डर क्नाप यांनीही अशाच मुलांचे वर्णन केले होते. दोन्ही देशांतील रोग एकच निघाला. २००१ मध्ये त्याचे जनुक सापडले. त्याला ‘एमएलसी-१’ असे नाव मिळाले. पुढे २००४ मध्ये सिद्ध झाले की अग्रवाल रुग्णांमध्ये या जनुकात एकच, सारखाच बदल आहे. अनेक पिढ्यांपूर्वीच्या कोणा एका पूर्वजापासून तो आपापसातील विवाहांतून खाली आला असावा, असा त्याचा अर्थ होतो.

आता मुख्य मुद्दा. हे जनुक जे प्रथिन घडवते ते मज्जापेशींत नव्हे, तर प्रामुख्याने अॅस्ट्रोसाइटमध्ये, आणि तेही रक्तवाहिनीला वेढणाऱ्या त्या पावलांतच आढळते. म्हणजे मूळ दोष रक्तवाहिनीत नाही, मज्जापेशीत नाही. तो ग्लायल पेशीच्या पावलात आहे. पाणी व क्षार यांचा तोल तेथे बिघडतो आणि मायलिनच्या थरांत द्रव भरलेल्या पोकळ्या पडतात. २०२१ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी हे जनुक नसलेल्या उंदरांवर काम केले. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. अॅस्ट्रोसाइटच्या पावलात दोष असल्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायूपेशीही नीट परिपक्व झाल्या नव्हत्या आणि रक्तप्रवाहाचे नियमन बिघडले होते. ग्लायल पेशी आजारी पडली आणि तिच्यामुळे वाहिनी दुबळी राहिली.

याच्या उलट दिशेचाही एक आनुवंशिक विकार आहे. त्याचे नाव कॅडॅसिल. त्याचे जनुक ‘नॉच-३’ हे १९९६ मध्ये सापडले. त्यात मूळ दोष वाहिनीच्या भिंतीतील पेशींत असतो आणि कालांतराने श्वेतद्रव्य झिजते. पहिल्या विकारात दुखणे पावलाकडून नळीकडे जाते, दुसऱ्यात नळीकडून पावलाकडे. मुंबईत ओळखला गेलेला बालरोग आणि बापूजींचा विकार हे अर्थातच वेगवेगळे आहेत. एक दुर्मीळ व जन्मजात, दुसरा सर्वत्र आढळणारा व उतारवयातील. परंतु नळी आणि तिचे सोबती यांचा संसार एकच आहे, हे त्या मुलांनी वैद्यकशास्त्राला दाखवून दिले.

अग्रवालांमध्ये वैष्णव आहेत तसे जैनही आहेत, म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. हा विकार आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो. केवळ एकाकडून आलेले असेल तर ती व्यक्ती निरोगी असते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला विकार होण्याची शक्यता चारात एक. साध्या रक्तचाचणीने वाहक कोण हे कळू शकते. ज्या कुटुंबात असे मूल आहे, त्यांनी आणि त्यांच्या निकटच्या नातलगांनी विवाहापूर्वी किंवा अपत्याचा विचार करताना आनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. यात कोणत्याही घराण्याला कमीपणा नाही. आपण प्रत्येक जण अशी काही सुप्त जनुके नकळत बाळगून असतो. सोयरीक जुळवताना हे लपवण्यापेक्षा जाणून घेणे अधिक हिताचे आहे.

उतारवयात काय घडते?

आता पुन्हा बापूजींकडे वळू. त्यांच्या मेंदूत जन्मजात दोष नव्हता. तीस-चाळीस वर्षांच्या चढ्या रक्तदाबाने सूक्ष्म वाहिन्यांचे आतले अस्तर हळूहळू बिघडले. याचा ग्लायल पेशींवर काय परिणाम होतो, हे गेल्या काही वर्षांत अधिक स्पष्ट झाले आहे.

स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उच्च रक्तदाबाच्या जातीच्या उंदरांवरील काम प्रसिद्ध केले. बिघडलेल्या अस्तराच्या पेशी असे द्रव्य स्रवतात की त्यामुळे ऑलिगोडेंड्रोसाइटच्या राखीव पूर्वपेशी परिपक्वच होत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणजे कारागीर हजर आहेत, पण त्यांना कामावर घेतलेच जात नाही. वेष्टन झिजते आणि नवे चढत नाही. विशेष म्हणजे रक्तदाब वाढण्यापूर्वीच अस्तरातील हा दोष त्या उंदरांत दिसू लागला होता. अस्तर सुधारणारी औषधे दिल्यावर श्वेतद्रव्याची स्थितीही सुधारली. माणसांसाठी असे उपचार सिद्ध व्हायचे आहेत. पण कोठे पाहावे ही दिशा त्यातून मिळाली.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे दान मिळालेल्या वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास झाला. पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या श्वेतद्रव्यात अॅस्ट्रोसाइट सुजलेल्या आणि त्यांच्या शाखा तुटलेल्या आढळल्या. वाहिनीभोवतीची अॅक्वापोरिनची मांडणीही बिघडलेली होती. भिंत पाझरू लागली की रक्तातील प्रथिने मेंदूत उतरतात, मायक्रोग्लिया चेतवल्या जातात आणि झीज आणखी वाढते.

एमआरआयमध्ये श्वेतद्रव्यात जे पांढरे ठिपके व पट्टे दिसतात, ते या साऱ्याची खूण असते. तंतू तुटलेला नसतो, पण त्याचे वेष्टन विरलेले असते. संदेश जातो, परंतु रेंगाळत जातो. म्हणूनच बापूजींना उत्तर माहीत असते आणि तरीही ते देण्यास वेळ लागतो. चालणे, तोल, लघवीवरील ताबा, मनाचा उत्साह ही सारी कामे मेंदूच्या पुढच्या भागाला खोल भागांशी जोडणाऱ्या लांब तंतूंवर अवलंबून आहेत. त्यामुळे तीही बिघडतात. स्वभाव बदलला, आळस आला, हट्टीपणा आला, असे घरच्यांना वाटते. वस्तुतः तो स्वभावाचा दोष नसतो.

उपाय कोठवर आला आहे?

झिजलेले श्वेतद्रव्य पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. काही औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. परंतु झीज मंदावता येते, याचा चांगला पुरावा आहे. अमेरिकेत ‘स्प्रिंट’ नावाच्या चाचणीत पन्नाशीपुढील नऊ हजारांहून अधिक उच्च रक्तदाबाचे रुग्ण सहभागी झाले. त्यांत मधुमेही किंवा पूर्वी पक्षाघात झालेले कोणी नव्हते. एका गटाचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणि दुसऱ्याचा १४० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. २०१९ मध्ये मेंदूविषयीचे निष्कर्ष आले. कडक नियंत्रणाच्या गटात सौम्य बौद्धिक घसरणीचे प्रमाण सुमारे १९ टक्के कमी होते. ज्यांचे एमआरआय काढले होते, त्यांच्यात सुमारे चार वर्षांत श्वेतद्रव्यातील डाग सैल नियंत्रणाच्या गटात सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढले, तर कडक नियंत्रणाच्या गटात ०.९२ घन सेंटिमीटरने. स्मृतिभ्रंशातील घट मात्र खात्रीने म्हणावी इतकी ठरली नाही. फरक मर्यादित आहे, पण खरा आहे, आणि तो साध्या गोळ्यांनी साधला आहे.

याचा अर्थ प्रत्येकाने १२० चा हट्ट धरावा असा नाही. वृद्धांमध्ये रक्तदाब फार उतरला तर उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. आपल्यासाठी योग्य आकडा कोणता, हे डॉक्टरांनी ठरवावे. आकडा ठाऊकच नसणे ही चूक मात्र आपण टाळू शकतो.

आपल्या घरात काय करावे?

रक्तदाब घरी मोजावा. दंडावर पट्टा बांधण्याचे यंत्र घ्यावे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, मधे बोलू नये. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावेत. व्यापाऱ्याला नोंद ठेवण्याची सवय असतेच. ती येथे कामी येते. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या मुलांनीही मोजावा, कारण बापूजींच्या मेंदूतील झीज त्यांच्या या वयातच सुरू झालेली असते.

मिठाकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही न भरेल इतके, मीठ घ्यावे. आपले पापड, लोणची, मसाला खाखरा, फरसाण, चिवडा यांतून ते नकळत कितीतरी जास्त जाते. सैंधव घेतल्याने प्रश्न सुटत नाही. त्यातही बहुतांश सोडियमच असते. तंबाखू व गुटखा कोणत्याही स्वरूपात नको. मधुमेह असल्यास साखर काबूत ठेवावी. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यांची तपासणी करून घ्यावी. रोज अर्धा तास चालावे. पाम बीच मार्गालगत असो, पारसिकच्या पायथ्याशी असो वा सोसायटीच्या आवारात.

व्रत आणि औषध यांची सांगड आधीच घालावी. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळची गोळी चुकवण्यापेक्षा डॉक्टरांना तसे सांगावे; रक्तदाबाची अनेक औषधे दिवसातून एकदाच, सूर्यास्तापूर्वी घेता येतात. पर्युषणात अठ्ठाई किंवा निर्जळ उपवास करायचा असेल, तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधे यांचे प्रमाण बदलावे लागू शकते. ते पंधरा दिवस आधी डॉक्टरांसह ठरवावे. कोणासही न विचारता औषध बंद करणे आणि उपवासात तसेच चालू ठेवणे, दोन्ही धोक्याचे आहे.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून सुरू करू नये. ज्यांना पक्षाघात झालेला नाही आणि केवळ एमआरआयमध्ये डाग आहेत, त्यांना ती फायद्याची ठरेलच असे नाही. पाझरणाऱ्या वाहिन्यांत रक्तस्रावाचा धोकाही असतो.

संथपणाचे दुसरे कारण आहे का, हे तपासावे. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते, आणि तिच्यामुळेही चालणे व स्मरण बिघडते. थायरॉईड व नैराश्य यांचेही तसेच. ही कारणे उपचारांनी सुधारण्याजोगी आहेत.

आणि हे सारे पाळूनही अचानक तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घरी थांबू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यामुळे सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

बापूजींसाठी

शेवटी घरातील वर्तनाविषयी. बापूजींना प्रश्न विचारला की उत्तराची वाट पाहावी. त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. एका वेळी एकच काम द्यावे, पण काम द्यावे. पेढीवरील खुर्ची काढून घेतली तर उरलेला उत्साहही मावळतो. मोठ्या रकमेचे व्यवहार, बँकेचे ओटीपी, सह्या यांत मात्र घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीची नजर असावी, आणि ती व्यवस्था त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने व्हावी. स्नानगृहात पकडायला दांडा आणि रात्री पायाखाली उजेड असावा. चालण्याचा व तोल सांभाळण्याचा व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा.

कपाटातील तो जुना अहवाल या रविवारी बाहेर काढावा. ज्या घरात अहवाल नाही, तेथे साठीपुढील आणि पंचेचाळिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब एकदा मोजून कागदावर लिहावा आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावा. ‘वय झाले’ हे वाक्य त्यानंतर म्हणायचे की नाही, ते मग ठरवावे.